वखारीतली हिरूची जागा

मी गंजाडची वखार बोलतेय. दारावर आता निराळं नाव आहे, इंग्रजीत, लाकडात कोरलेलं. पण डहाणू रोडच्या रिक्षावाल्याला अजून 'देवजीशेठची वखार' असंच सांगावं लागतं.

माझा जन्म गवतासाठी झाला. देवजीशेठने सागाचे खांब रोवले, वर कौलं चढवली आणि डोंगराकडच्या गावांतलं गवत माझ्या पोटात भरायला सुरुवात केली. गासड्या बांधायच्या, आढ्यापर्यंत थप्पी लावायची आणि ट्रक आले की मुंबईच्या तबेल्यांकडे पाठवायच्या. काम करणाऱ्यांत हिरू होता. मधल्या खांबाच्या खाचेत तो तंबाखूची डबी ठेवायचा. त्याची लेक प्रगती तेव्हा लहान होती, सुट्या गवतावर कुठेही झोपायची.

एका वर्षी गवत फार आलं. थप्पी वाकली होती. ती उतरवून नव्याने लावू, असं हिरूने शेठला सांगितलं. ट्रक यायचेत, आजचा दिवस निभावून ने, असं शेठ म्हणाला. दुपारी थप्पी कलंडली. माणसांनी हातांनी गासड्या उपसल्या, पण हिरू मधल्या खांबाच्या पायाशीच संपला होता. पाय घसरून पडला, असं शेठने सगळ्यांना सांगितलं. मी सगळं पाहिलं होतं. मला कोण विचारणार?

हिरूची बायको लाडकी मग माझी झाडलोट करू लागली. सकाळी आली की आधी त्या जागेवर चाफ्याचं फूल ठेवायची, थोडा वेळ बसायची आणि मग केरसुणी हातात घ्यायची. शेठने तिला कधी हटकलं नाही.

पुढे गवताचा धंदा बसला, शेठही गेला. वटवाघळांशिवाय माझ्याकडे कोणी फिरकेना. मग शेठच्या मुलाने, उमेशने, कुठल्याशा मित्राचं लग्न सजवलेल्या गोठ्यात लागलेलं पाहिलं आणि मलाही लग्नांसाठी भाड्याने द्यायचं ठरवून तो हरखून परतला. माझी जुनी लाकडं घासून गुळगुळीत केली आणि पुन्हा जुनाट दिसावीत म्हणून रंगवली. बाहेरून गासड्या आणून त्यांवर चादरी अंथरल्या, पाहुण्यांना टोचू नये म्हणून. बारावी झालेली प्रगती पहाटेची गाडी पकडून वापीच्या कंपनीत जायची. तिला उमेशने जागा दाखवायच्या कामावर घेतलं. लाडकी झाडत होतीच. उमेशने दोघींना एकच अट घातली: हिरूचं नाव पाहुण्यांसमोर काढायचं नाही.

गेल्या थंडीत बोरिवलीहून शितल नावाची मुलगी होणाऱ्या सासूला घेऊन आली. प्रगतीने त्यांना सगळं फिरून दाखवलं. हळद चिकूच्या झाडांखाली होईल, जेवणं मागच्या अंगणात, जनरेटर लांब ठेवू म्हणजे मंगलाष्टकांत आवाज येणार नाही. शितल खूश होती. तिने मधल्या खांबाला हात लावला आणि मांडव इथेच हवा, म्हणाली.

सासू मात्र कौलांकडे बघत राहिली. जुनी वास्तू आहे म्हणून तिने प्रगतीला विचारलं, "इथे काही वाईट घडलेलं नाही ना?"

लाडकी पाण्याची कळशी घेऊन दारात आली होती.

"नाही," प्रगती म्हणाली. "इथे फक्त गवत असायचं."

कळशी लाडकीने सावकाश खाली ठेवली आणि ती निघून गेली. लग्नाची तारीख ठरली.

दुसऱ्या सकाळी लाडकी आली, पण फूल न घेता. केरसुणीलाही हात लावला नाही. उंबऱ्यावर बसून राहिली. प्रगती आली आणि तिच्याशेजारी टेकली. हो म्हटलं असतं तर ती माणसं गेली असती, मग दुसरी गेली असती आणि आपल्याला परत वापीच्या कंपनीत जावं लागलं असतं, असं ती समजावत होती. बोलता बोलता तिचाच आवाज बारीक होत गेला.

"तुझा बा इथं मेला नाय," लाडकी म्हणाली, "तर कुठं मेला ते सांग. मी तिथं जाऊन बसते."

प्रगतीने मान खाली घातली. लाडकी उठली आणि पाड्याच्या वाटेला लागली. ती पुन्हा माझ्याकडे आली नाही.

लग्न झालं. मधल्या खांबाशी फुलांची कमान उभी राहिली, खाली पांढरा गालिचा. नवरीला मांडवात आणताना प्रगती तिच्यापुढे होती. खांबाजवळ आल्यावर ती जरा थबकली आणि हिरूच्या जागेला वळसा घालून गेली. नवरीही तिच्यामागून तशीच गेली. फोटोवाल्याला ते रुचलं नाही, त्याने दोघींना सरळ यायला सांगितलं. मग त्या परत गेल्या आणि सरळ चालत आल्या.

आता माझ्याकडे लग्नाच्या तारखा पुढच्या मोसमापर्यंत लागल्यात. झाडायला बाहेरची माणसं येतात. प्रगती जागा दाखवते, छान बोलते, आणि पाहुण्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकते की इथे फक्त गवत असायचं.

तुम्हीही कधी याल. मांडव कुठे घालायचा, दिवे कुठे लावायचे ते खुशाल ठरवा. फक्त त्या पोरीला तो प्रश्न विचारू नका. विचारायचाच असेल तर मधल्या खांबाला हात लावून मला विचारा. मी सांगेन: हिरू इथे गेला.