सिल्लोडच्या नाक्यावरचा फ्लेक्स

सिल्लोडच्या नाक्यावर मंजुषानं गाडी थांबवायला लावली. खांबावर तिच्या नवऱ्याचा हात जोडलेला फोटो होता. खाली छापलं होतं, ‘जर्मनीत नोकरी मिळाल्याबद्दल सत्यमरावांचे हार्दिक अभिनंदन!’

नोकरी मंजुषाला मिळाली होती. वाळूजच्या कारखान्यात मशीनशी डोकं फोडून तिनं ती कमावली होती. सत्यम सोबत जाणार होता, तूर्त पोरगी सांभाळायला. तिच्यासोबत कोण कोण येणार, हे व्हिसासाठी कंपनीला आजच कळवायचं होतं.

“हे कुणी लावलं?” तिनं गाडी चालवणाऱ्या सत्यमला विचारलं.

“दादानं. मी नाय सांगितलं.”

“मग खरं काय ते का नाय सांगितलं?”

“काय सांगू? बायकोच्या मागं पोरगी सांभाळायला चाललो म्हणू? गावात तोंड दाखवू देतील का?”

“उतरवा तो.”

“भर नाक्यात? येडी झाली का?”

“नाय उतरवला तर मी पोरीला घेऊन एकटी जाईन.”

सत्यम धुसफुसत गाडीतून उतरला. तेवढ्यात चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, “ओ जर्मनीवाले, पार्टी कवा?”

सत्यमचा चेहरा खुलला. त्यानं हात जोडले, अगदी फोटोतल्यासारखे. “देऊ की!” म्हणत तो टपरीकडं वळला. तिथं त्याच्या हातात लगेच चहा आला.

मागच्या सीटवरून श्रेयानं विचारलं, “मम्मी, पप्पांना नोकरी लागली?”

“नाय. मला लागली.”

सत्यमचा चहा संपायच्या आत मंजुषानं कंपनीला मोबाईलवरून कळवून टाकलं, सोबत फक्त मुलगी येईल.