अर्ध्या बटणाचं गाणं

▶ चालू

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. माझ्या पडद्याला तडा गेलाय, बॅटरीने कधीच राम म्हटलाय. वायर काढली की मी आडवा. तरीही मान ताठ ठेवून सांगतो, या घरात माझ्याइतका देखणा पोशाख कोणाकडे नाही. तो कसा मिळाला, ते ऐका.

◀◀ मागे

या घरातली धाकटी लेक माझ्यावर शिकली. मग तिला नवा, सडपातळ लॅपटॉप मिळाला आणि मी कपाटावर जाऊन बसलो. पोटात मात्र साऱ्या घराची गाणी होती. कॅसेटवरून उतरवलेली, मामाने पेनड्राइव्हमधून ओतलेली. एकाच गाण्याच्या तीन-तीन प्रती आणि कित्येकांचं नाव नुसतं 'ट्रॅक एक'. अडगळीची खोली बरी, असं माझं पोट!

धाकटीला परगावी नोकरी लागली. मागे आई एकटी राहणार. आई शिवणकाम करते आणि गाणं नसेल तर तिचा हात चालत नाही. सुईत दोरा ती सवयीने ओवते, पण पडद्यावरची अक्षरं तिला दिसत नाहीत. प्रत्येक गाण्याला हाक ठरलेली, "धाकटे, लाव गं!"

आता हाक कोणाला मारणार?

❚❚ थांब

धाकटीने मला खाली उतरवलं, पुसलं, जादा प्रती काढल्या. गायक, चित्रपट, वर्ष असे कप्पे केले. मी फुगून गेलो.

"बघ आई, कसं लख्ख झालंय!"

"लख्ख आहे. माझं काजांचं गाणं कुठाय?"

"कोणी गायलंय ते?"

"मला काय ठाऊक! मला का त्याच्याशी सोयरीक करायचीय?"

धाकटी हसली, मग तिने दाराकडे पाहिलं. तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. मीही ओशाळलो. इतका नीटनेटका झालो होतो, पण आईच्या काय कामाचा?

◀◀ पुन्हा

धाकटी आईला खेटून बसली. एकेक गाणं लावायचं आणि आईच्या हातांकडे बघायचं. भरभर चालीचं गाणं लागलं की आईची बोटं आपसूक काजं करू लागत. ऐसपैस चालीला हात इस्त्रीसारखा सरके. एक संथ, रडवं गाणं लागलं.

"हे उसवायचं," आई म्हणाली. "चुकल्यावर घाई करून भागत नाही."

"आणि हे?"

"हे घासाघीस करणारं गिऱ्हाईक गेल्यावरचं. जरा मोठ्याने लाव."

असे कप्पे जगात कुठल्या लॅपटॉपच्या पोटात असतील का, मित्रांनो?

मग आईने टेप घेऊन माझं माप घेतलं. "हलू नकोस रे बाबा," असं मलाच म्हणाली. उरलेल्या निळ्या कापडाचं आवरण शिवून तिने माझा कीबोर्ड झाकला. कामाच्या कळा तेवढ्या हाताला लागाव्यात म्हणून त्यांच्यावर बटणं लावली. काजांना शर्टाचं बारीक, इस्त्रीला कोटाचं जाड, गिऱ्हाइकाला पितळी, थांबायला कापडाने मढवलेलं. उसवायला अर्धं तुटलेलं. धाकटीने एकेका कळेला एकेक कप्पा जोडला आणि ती गेली.

▶ चालू

आठवडाभराने तिचा फोन आला. आईने तो माझ्याशेजारी ठेवला. मी गात होतो.

"आई, गाणं कोणी लावून दिलं?"

"कोणी म्हणजे? मीच!"

धाकटी क्षणभर ऐकत राहिली. मग खुदकन हसली.

"काय उसवतेयस?"

"मास्तरांच्या शर्टाची बाही उलटी लागली. हस मेले, हस! चांगली बारा गावं दूर गेलीस, तरी चूक पकडलीसच."

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर कोणीतरी धूळ खात बसलेलं असेल. त्याला खाली उतरवा, फुंकर मारा आणि ज्याच्यासाठी ते लावायचं, त्याच्या हातांना आधी विचारा. बाकी मला काही नको. आई अर्धं बटण चाचपतेय. मला गायचंय.