आयो गुरूआड जाताना

मधुवंती स्वतःवर इतकी चिडली होती की तिला तिळाचा वाससुद्धा नकोसा झाला होता. खगोलशास्त्रात पीएचडी करणारी बाई, आणि तारखेत चुकावी! हवाई बेटावरच्या दुर्बिणीची वेळ मिळाली होती तेरा जानेवारीच्या रात्रीची. तिथली तेराची रात्र म्हणजे जयपूरची चौदाची सकाळ, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तरी संक्रांत टळली या आनंदात तिनं कॅलेंडरवर तेरालाच खूण केली. काल राजसनं, तिच्या नवऱ्यानं, रजा टाकून गच्चीवर पतंगांच्या मांज्यापासून इंटरनेटच्या केबलची राखण केली, आणि ही खाली घरातल्या संगणकावर, त्या दूरच्या दुर्बिणीच्या रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिली.

आज संक्रांत. विद्याधर नगरच्या गच्च्यागच्च्यांवर पतंग, मांजा आणि कानठळ्या बसवणारे स्पीकर.

"आजही बसतो की राखणीला," राजस म्हणाला. "मतलब, सुट्टीच तर आहे."

गुरूच्या आयो या चंद्रावर ज्वालामुखी सतत भडकत असतात. आयो गुरूच्या आड जाऊ लागला की ते एकेक करून झाकले जातात आणि त्याचा उजेड पायरीपायरीनं उतरतो. कुठली पायरी केव्हा उतरली, त्यावरून ज्वालामुखीची जागा कळते. तिथे एक नवाच भडका उडालाय, असा मधुवंतीला डिसेंबरात संशय आला. नंतरच्या दोन्ही वेळा ढगांनी खाल्ल्या. पुण्याच्या मार्गदर्शक बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, या खेपेला पुरावा मिळाला नाही तर हा विषय सोड.

आज तिकडचं आकाश स्वच्छ होतं. फोटोंचा एक संच झाला की दुर्बिणीचा चालक विचारी, पुढचा घेऊ का? तिच्या होकाराशिवाय पुढे जायचं नाही, असा नियमच होता. पहिली पायरी उतरली. दुसरी उतरली. आता तिच्या ज्वालामुखीची पाळी. चालकानं विचारलं, तिनं घाईघाईनं 'हो' टाइप केलं.

ते गेलंच नाही. पडद्यावरचा आलेख जागीच थांबला.

वरून पतंग कापल्याची आरोळी आली, "वो काटा!" आवाज राजसचा होता.

मोबाइलवरून पुन्हा आत शिरेपर्यंत आयो पुरता झाकला गेला होता. 'तुमच्या होकाराची वाट पाहिली,' चालकानं सभ्यपणे लिहिलं होतं.

ती तरातरा गच्चीवर गेली. केबल जोडातून निखळून लोंबत होती. तिच्यात गुंतलेला गुलाबी मांजा थेट राजसच्या बोटांपर्यंत आला होता.

"शेजारच्या योगेशभैयानं एकच पेच लढवायला दिला गं," तो म्हणाला. "अडकला वाटलं, म्हणून हिसका..." केबलकडे नजर गेली आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं खिशातून लाडू काढून पुढे केला. "तिळगूळ घे." पुढचं म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

मधुवंतीला रडूही येईना. तिनं लाडू घेतला, खाल्ला, आणि तिथूनच पुण्याला फोन लावला.

"मॅडम, संक्रांतीच्या शुभेच्छा," ती म्हणाली. "विषय सोडते."