गास्पारची खूण

"पाय उचला, बाबा. तो नाही, दुसरा."

"मला शिकवतेस? तू पाळण्यात होतीस तेव्हापासून होडीत चढतोय मी."

"मग चढा की! मागे माणसं उन्हात ताटकळलीत."

बाबा चढले, पण काचेवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने. माझ्या होडीचा तळ काचेचा आहे. पलीकडच्या किनाऱ्यावरून सकाळच्या बोटीने बेट बघायला लोक येतात, त्यांना मी त्या काचेतून राखीव समुद्रातले मासे दाखवते. इतकी वर्षं हा धंदा करते आहे, पण बाबांनी कधी या होडीला हातसुद्धा लावला नव्हता. समुद्र राखीव झाला तेव्हा आमच्या घराची मासेमारीची जागा आत गेली आणि तिथे गळ टाकायला बंदी आली. सरकारवर काढायचा राग त्यांनी माझ्या होडीवर काढला. आज आले, कारण संध्याकाळी माझा धाकटा भाऊ चिमो त्यांना शहरात न्यायला येणार होता. कायमचं. त्यांचे डोळे अधू झालेत, घरात दोनदा पडले, आणि मी दिवसभर पाण्यावर. दुसरा इलाज नव्हता.

बाबांना बेटावर सगळे गास्पार म्हणून ओळखतात. मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. खूण.

आमच्याकडे घर वाटून देतात, जाळी वाटून देतात, खूण मात्र एकालाच मिळते. जमिनीवरची कुठली वस्तू कुठल्या वस्तूआड आली की आपण बरोबर आपल्या खडकावर आहोत, ती ही खूण. ती मुलाला सांगायची, मुलीला नाही. बाबांनी चिमोला सांगितली आणि चिमो दातांचा डॉक्टर झाला. आता तिचं काय करणार तो, दाढेत भरणार? त्या खडकावर आता कुणालाच मासे धरता येत नाहीत हे मला बाबांपेक्षा जास्त ठाऊक. तरी हवी होती. समुद्रावर राहिले ती मी, म्हणून माझा हक्क होता.

धक्क्यापासून जरा लांब आल्यावर मी सुकाणूवरून विचारलं, "बाबा, आज तरी सांगा. आपली जागा कुठे?"

बाबा पटकन म्हणाले, "दीपगृह गढीच्या दारावर आण. आणली? आता सरळ जा."

इतक्या सहज! मला खरंच भरून आलं. मी होडी नेली, यंत्र बंद केलं आणि खाली वाकून पाहिलं.

मोठी टोपी घातलेली एक बाई म्हणाली, "इथे काय बघायचं असतं?"

"वाळू," बाबा म्हणाले. "फार छान वाळू आहे."

माणसं हसली. मीही हसले, पण आतून जळत होते. चूक माझीच होती. परक्यांच्या कानांदेखत खूण विचारली, तर बेटावरचा माणूस खोटीच सांगणार. मरणाच्या दारातही खोटीच सांगेल. एवढी माझी अक्कल कुठे गेली होती? पण एक शंका मनातून हलेना. परके होते म्हणून खोटं बोलले, की मी मुलगी म्हणून?

नेहमीच्या जागा दाखवून मी लोकांना धक्क्यावर उतरवलं. बाबाही उठायला लागले.

"बसा खाली," मी म्हटलं.

"भात थंड होईल, एन्कार्ना. आज रस्सा चांगला जमलाय."

"होऊ दे थंड. संध्याकाळी तुम्ही जाल आणि खूण तुमच्याबरोबर चिमोच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर जाईल. त्याला तरी आठवतेय का ती?"

"नाताळात विचारलं मी. म्हणाला, दोन मनोऱ्यांच्या मधे ना, बाबा?" ते हसायला लागले. "मनोरा आहे का आपल्याकडे दुसरा? गाढव लेकाचा." मग हसू थांबलं.

"मग मला सांगा. की मुलगी आहे म्हणून नाही?"

बाबा माझ्या शेजारी येऊन बसले.

"तसं नाही ग," ते म्हणाले. "सांगून टाकली की माझ्याकडे काय राहिलं?"

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी यंत्र सुरू केलं आणि होडी बाहेर काढली.

धक्क्याचं टोक मागे पडल्यावर बाबा आपणहून बोलले. "मागे कुणी आहे?"

"कुणी नाही."

"चर्चची घंटा तटबंदीच्या भगदाडातून दिसायला हवी. मला आता दिसत नाही, तू बघ."

"दिसली."

"तशीच धरून ठेव. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या डोंगराला खाच आहे. ती दीपगृहाच्या डाव्या खांद्यावर बसू दे. बसली?"

"अजून नाही. थांबा. बसली."

"बंद कर यंत्र. आता म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं.

"डाव्या म्हटलं मी, उजव्या नाही. वाळूतच जायचंय का पुन्हा? म्हण."

मी पुन्हा म्हटलं. ते ओठ हलवत माझ्याबरोबर म्हणत होते.

मग ते माझ्या शेजारून उठले. कठडा धरत धरत पाहुण्यांच्या बाकावर गेले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदाच काचेतून खाली पाहिलं. खडकाच्या कपारीतून एक थोराड काळा मासा संथपणे बाहेर येत होता. असे कितीतरी त्यांनी आयुष्यभर याच जागी गळाला लावले, सोलले, आम्हाला जेवू घातले.

"हा कुठला मासा, बाई?" त्यांनी विचारलं.

मी सुकाणू घट्ट धरलं आणि पाहुण्यांशी बोलते त्या आवाजात म्हणाले, "हा हेकरू. जन्मतात तेव्हा या सगळ्या माद्याच असतात. वय वाढलं की त्यांतल्या काही नर होतात."

"असं होय?" बाबा म्हणाले. "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." आणि नीट दिसावं म्हणून ते काचेवर आणखी खाली वाकले.