उन्हाची सवय

माझी जीभ तिखट आहे हे सुरतेतल्या आख्ख्या डिंडोलीला माहीत आहे. त्यामुळे शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा धम्मरत्ननं ती आधी माझ्या हातात पडूच दिली नाही. धम्मरत्न म्हणजे माझा धाकटा भाऊ, भेस्तानकडच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये कामाला. पाळीवरून आला, चिठ्ठी खिशात ठेवून चहा प्यायला, आणि मग हळूच बायकोला दिली. प्रज्ञानं ती दोनदा वाचली. मी म्हटलं, एवढं काय आहे त्यात, आणि हिसकावूनच घेतली.

त्यात लिहिलं होतं की विशाखाला पहिलीत बसवण्यात अर्थ नाही. मुलगी फळ्याकडे बघत नाही, अक्षर ओळखत नाही, रंग विचारले तर काहीही सांगते, दिवसभर मान खाली घालून बसते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिला पाठवू नये, मंदबुद्धी मुलांच्या शाळेत दाखवावं. खाली पुष्पाबाईंची सही होती. पुष्पाबाई म्हणजे पहिलीच्या बाई.

विशाखा तेव्हा सहा वर्षांची होती, धम्माची एकुलती एक. ही गोष्ट ९६ सालची, ऑक्टोबरातली. मी चौथी शिकलेली. धम्मा सातवीतून शाळा सोडून सुरतेला आला आणि लूमवर उभा राहिला. आपल्या पोरीनं कॉलेजपर्यंत जावं, एवढं एकच त्यानं जन्मात मागितलं. आणि इथं चार महिन्यांत शाळा म्हणते, घेऊन जा परत. माझं डोकंच फिरलं, कारण पोरगी घरी वाचायची. तिन्हीसांजेला बापाच्या मांडीवर बसून, पाटी पार नाकाला लावून, बापानं मोठ्या अक्षरात लिहिलेलं सगळं घडाघडा वाचून दाखवायची.

"शाळेत नाटकं करते ती," मी म्हटलं. "दुसरं काही नाही."

आता माझंही सांगते, लपवून काय करू. या पोरीला उजेड सोसत नाही हे आम्हाला पहिल्यापासून दिसत होतं. पाळण्यात असताना दार उघडलं की डोळे गच्च मिटायची. बुबुळं सारखी थरथरायची. चालायला लागल्यावर दुपारी बाहेर काढलं की आईच्या पदरात तोंड खुपसायची. जयंतीच्या मिरवणुकीत सगळी पोरं नाचली आणि ही आपली पदराखाली. पाहुणे म्हणायचे, लाजरी आहे. चाळीतल्या पोरांनी नाव ठेवलं घुबड. शेजारचे काशिनाथदादा दर आठवड्याला शेवग्याचा पाला आणून द्यायचे. म्हणायचे, रातांधळं आहे, भाजी करून घाला. मी म्हणायचे, अहो दादा, अंधार पडला की ही पोरगी चाळभर हुंदडते, कशाला धडकत नाही, रातांधळं कसलं घेऊन बसलात? तरी पाला यायचाच, आणि आम्ही तो खायचोही.

मी मात्र माझं वेगळं ठरवलं होतं. मला वाटायचं, आईनं लाडावून ठेवलीय, पदराखाली ठेवून ठेवून डोळे भित्रे केलेत. अनवाणी चालून पाय घट्ट होतात, तसे उन्हात राहून डोळे धीट होतील. ती तीन वर्षांची झाली तेव्हापासून मी तिला रोज सकाळी ओट्यावर उन्हाकडे तोंड करून बसवायचे. साड्यांना लेस लावायचं काम मी घरी आणते. ते काम मांडीवर घेऊन मी शेजारीच बसायचे आणि म्हणायचे, "हात काढ डोळ्यांवरचा. बघ समोर. सवय कर." प्रज्ञाला ते आवडायचं नाही, पण मोठ्या नणंदेपुढं कोण बोलणार? पोरगी बसायची. गालांवरून पाणी ओघळायचं, पापण्या फडफडायच्या, पण रडून उठली असं एकदाही झालं नाही. मी शेजारणींना कौतुकानं सांगायचे की बघा, फरक पडतोय.

चिठ्ठीच्या दुसऱ्या दिवशी मी काम बाजूला टाकलं आणि शाळेत निघाले. धम्मा म्हणाला, "ताई, भांडू नको हं. बाईंनी नाव कापलं तर पोरीला न्यायचं कुठं?"

"भांडत कुठं, नुसतं विचारते," मी म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय, तो मला जन्मापासून ओळखतो.

शाळा मराठी, दुपारपाळीची. पुष्पाबाई उंच, शांत बाई, आवाज चढवून बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. मी दारातूनच सुरू झाले. "आमच्या पोरीला मंद म्हणता तुम्ही? घरी पाटी वाचते ती."

"अंजनाबाई, इथे नाही वाचत."

"मग तुम्ही शिकवत नसाल."

पोरं खुसखुसली. बाई रागावल्या नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्या म्हणाल्या, "असं करा, शाळा सुटेपर्यंत मागे बसा. स्वतः बघा. मलाही त्या मुलीचं वाईट करायचं नाहीये."

बसले. वर्गाच्या खिडक्या पश्चिमेला. बाहेर मैदान आणि पलीकडे नवीन पत्र्याची शेड, त्या पत्र्यावरून ऊन सरळ वर्गात येत होतं. विशाखा अंगानं लहान म्हणून पहिल्या पट्टीवर बसवलेली. बाई फळ्यावर लिहीत, पोरं ओरडून म्हणत, आणि ही कपाळावर आडवा हात धरून मांडीकडे बघत बसलेली. बाईंनी तिला उभं केलं, एका शब्दावर छडी टेकवली आणि विचारलं, "विशाखा, हे काय लिहिलंय?"

तिनं तोंड वर केलं. पापण्या फडफडल्या. "बदक," ती म्हणाली.

लिहिलेलं होतं नगर. पोरं हसली. मग बाईंनी लाल कागद दाखवला आणि रंग विचारला. ही म्हणते, काळा. आता मात्र माझी तळपायाची आग मस्तकात गेली. घरी 'लाल रीळ दे' म्हटलं की हीच पोरगी फळीवरून बरोबर लाल रीळ काढून देते, आणि इथं काळा? खोटारडी कुठली. मी मागून डोळे वटारले. तिनं माझ्या दिशेला बघितलं आणि काहीच नसल्यासारखी खाली बसली. मला वाटलं, आता तर मलाही जुमानत नाही.

पाच वाजत आले होते. लाइट दुपारपासूनच गेलेली. तेवढ्यात रस्त्यावर फटफट असा आवाज आला. ९४ सालच्या प्लेगनंतर डास मारायची धुराची गाडी आमच्या बाजूला गल्लीगल्लीतून फिरायची, ती आली होती. बाई म्हणाल्या, "खिडक्या लावा, दार लावा, पटापट." दोन-चार पोरं धावली. लाकडी झडपा बंद झाल्या आणि वर्गात अंधार झाला, फटींतून येईल तेवढाच उजेड. मग काय, साठ पोरांचा नुसता गोंधळ. कोणी भुताचा आवाज काढतंय, कोणी कोणाला चिमटे घेतंय. बाई टेबलावर डस्टर आपटत होत्या.

त्या गोंधळात मला एक आवाज ऐकू आला. "नगर. गगन. नयन. सरबत."

आवाज कुणाचा ते मला आधी कळलं, काय चाललंय ते नंतर. विशाखा उठून फळ्यापाशी गेली होती. हात खाली, डोळे टक्क उघडे, एकेका शब्दाखाली बोट ठेवून वरपासून वाचत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, ती कुणाला दाखवतही नव्हती. चार महिने समोर असलेला फळा तिला पहिल्यांदा दिसला होता, म्हणून वाचत होती. खालपर्यंत वाचून झाल्यावर मागं वळली आणि हसली.

"आत्या, तू कधी आलीस?" ती म्हणाली.

बाईंनी डस्टर खाली ठेवला. फळा पुसला आणि अंधारातच नवीन काहीतरी लिहिलं. मला मागून ते दिसेना. विशाखानं तोंड जवळ नेऊन वाचलं, "माझे घर डिंडोलीत आहे." बाईंनी अजून दोन ओळी लिहिल्या, तिनं त्याही वाचल्या. वर्ग आपोआप गप्प झाला होता. मग धूर ओसरला, कुणीतरी झडप उघडली, पत्र्यावरचं ऊन आत आलं, आणि आमच्या पोरीनं डोळ्यांवर हात घेऊन मान खाली घातली.

बाई माझ्याकडे आल्या. 

"नाटक नाही करत ती," पुष्पाबाई म्हणाल्या. "तिला उजेडात दिसत नाही. इतके दिवस माझ्या लक्षात आलं नाही, माझं चुकलं. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा आणि त्यांचा कागद मला आणून द्या. हेडमास्तरांशी मी बोलते."

पोरीला घेऊन आम्ही तिघंही शहरातल्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर गुजराती, म्हातारे, बोलायला मोकळे. त्यांनी खोलीत अंधार करून बराच वेळ तपासलं, मग रंगीत लोकरीच्या गुंड्या पुढं ठेवल्या. पोरीनं लाल आणि काळी एकत्र ठेवली, पिवळी आणि पांढरी एकत्र. मी म्हटलं, डॉक्टर, घरी ही मला लाल रीळ बरोबर देते. त्यांनी तिलाच विचारलं, कशी ओळखतेस? ती म्हणाली, "लाल पहिली असते, हिरवी तिसरी. आत्या तशीच ठेवते."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत, पडद्यावर, भर उजेडात बघायचं आणि रंग ओळखायचं जे काम असतं, ते हिच्यात जन्मापासून चालत नाही. अंधुक उजेडात बघायचं काम चालतं. त्यामुळे जो उजेड आपल्याला नुसता उजेड, तो हिला सहन न होणारा. औषध नाही, ऑपरेशन नाही, पण वाढतही नाही. "नात्यातलं लग्न आहे का?" त्यांनी विचारलं. धम्मा आणि प्रज्ञा एकमेकांकडे बघायला लागले. प्रज्ञा आमच्या सख्ख्या मामाची मुलगी. लग्न मीच जमवलं होतं, आणि ते मी तिथं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बेन, असं कधी कधी होतं, त्यात कुणाचा गुन्हा नाही. मग कागदावर लिहून दिलं की मुलगी हुशार आहे, गडद चष्मा आणि टोपी वापरावी, फळ्याजवळ बसवावं, तिच्या बाजूची खिडकी बंद ठेवावी.

धम्मानं एवढंच विचारलं, "कॉलेजपर्यंत शिकेल?"

"अरे भाई, पहिली तर होऊ दे आधी," डॉक्टर हसून म्हणाले. "शिकेल. का नाही शिकणार?"

धम्मानं तोंड फिरवून रुमाल काढला. मला मात्र एक विचारायचंच होतं. मी म्हटलं, "उन्हात बसवून बसवून सवय होते का हो?"

"कुणी बसवलं?"

 प्रज्ञाला बोलायचा हक्क होता, तीन वर्षांचा हक्क होता. ती फरशीकडे बघत म्हणाली, "नाही, असंच विचारतात ताई."

"सवय होत नाही," डॉक्टर म्हणाले. "नुसतं दुखतं."

चष्मा झाला. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा पुष्पाबाईंनी फळ्याजवळच्या दोन झडपा स्वतः लावल्या आणि पोरांना सांगितलं की या उघडायच्या नाहीत. पहिल्या दिवशी पोरं चष्म्याला हसली, दुसऱ्या दिवशी तो घालून बघायला रांग लागली. आठवड्याभरात विशाखा पुस्तकातला धडा वाचून दाखवायला लागली. धम्मा मिलमध्ये ज्याला त्याला ते सांगत सुटला. नाव शाळेतच राहिलं.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी मी साड्यांचं गाठोडं घेऊन घरातच बसले होते. ओट्यावर जायचं मी बंद केलं होतं. बघते तर विशाखा आपणहून बाहेर जाऊन उन्हाकडे तोंड करून बसलेली, आणि चष्मा काढून मांडीवर ठेवलेला. मी धावत गेले, तिला उचलून आत आणलं, चष्मा लावला.  "अगं, कशाला बसलीस? कुणी सांगितलं तुला?"

"रोज बसतो ना आपण."

"इतकं दुखत होतं तर सांगायचं नाही का गं मला? एकदा तरी सांगायचं."

तिनं चष्म्यातून माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "मला वाटलं, उन्हात सगळ्यांचेच डोळे दुखतात. तुझे पण दुखत असतील, तरी तू रोज माझ्यासाठी बसतेस."