बीट नंबर सातचे कावळे

"उचला हो खंडूभाऊ, बघताय काय? तुम्ही सरकारी माणूस!" दुसऱ्या मजल्यावरून सेक्रेटरी सीताराम परब ओरडले.

खाली बदामाच्या बुंध्याशी कावळ्याचं पिल्लू पडलं होतं. पिसं अर्धीमुर्धी, चोच उघडी, आत लालभडक. वर त्याचे आईबाप आणि जवळचे-लांबचे सगळे नातेवाईक कलकलाट करत होते. मुलुंडच्या त्या कॉलनीत अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं. त्यातली निम्मी तरी गॅलरीत येऊन, कुणीतरी काहीतरी केलं पाहिजे, यावर एकमत करून उभी होती. कुणीतरी म्हणजे बीट नंबर सातचा पोस्टमन खंडू साळवे.

"मांजर खातलां त्येका," तळमजल्याच्या दारातून रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "बघा ओ जरा, खंडूभाऊ."

रत्नप्रभाबाईंनी सांगितल्यावर खंडूचा इलाज नव्हता. त्यांचा मुलगा मस्कतला. बाईंना वाचता येत नसे, म्हणून अकरा वर्षं त्याची पत्रं खंडूच वाचून दाखवायचा. पूर्वी रजिस्टर आलं की बाई अंगठा पुढे करायच्या. "मुलगा परदेशी आणि आई अंगठा लावते, बरं दिसतं का?" असं म्हणून खंडूने दुपारच्या डिलिव्हरीत रोज पाच मिनिटं बसून त्यांना सही शिकवली. चार महिने लागले. सही आली, पण शेवटचं अक्षर दरवेळी ओळीखाली घसरायचं, जिन्यावरून पाय निसटावा तसं.

खंडूने पिशवी खाली ठेवली आणि पिल्लू उचललं. त्याच क्षणी डोक्यावर पहिला टोला बसला.

पिल्लाचा डावा पंख दुखावला होता. बाईंनी मासळीची जुनी टोपली दिली, कुणीतरी वरून दोरी टाकली. झाडाच्या बेचक्यात टोपली बांधून, पिल्लू आत ठेवून खंडू खाली उतरला तेव्हा कॉलनीने टाळ्या वाजवल्या. चहासुद्धा आला. नेहमीच्या कानतुटक्या कपातून नव्हे, चक्क बशीसकट.

पुढचे बारा दिवस खंडू दोन्ही वेळच्या डिलिव्हरीला झाडावर चढला. भिजवलेला पाव, उकडलेलं अंडं, कधी बाईंनी दिलेला मांदेलीचा तुकडा. आईबाप भरवत होतेच. त्यांच्या मते खंडू हा त्यांचं पोर पळवणारा आणि वर रोज दोनदा भेटीला येणारा निर्लज्ज इसम होता. तेराव्या दिवशी पिल्लू उडून परबांच्या गॅलरीच्या कठड्यावर बसलं. खंडूने टोपली सोडवली. त्याला वाटलं, संपलं.

कावळ्यांच्या बाजूने आता कुठे सुरुवात झाली होती.

खंडू फाटकातून आत आला की पाच-सहा जण उतरायचे. तो दोन दिवस रजेवर गेला तेव्हा बदली पोस्टमन आला. तीच खाकी, तीच पिशवी, पण एकाही कावळ्याने त्याच्याकडे मान वळवली नाही. खंडू भर मे महिन्यात छत्री उघडून टपाल वाटू लागला. कॉलनीला आधी मजा वाटली. "आला गं आला, कावळ्यांचा जावई आला!" तिसऱ्या मजल्यावरून शकू ओरडायची आणि सगळ्या खिडक्या उघडायच्या.

मग एकदा परबांचं रजिस्टर आलं. परब सहीसाठी वाकले आणि कावळ्याचा नेम चुकला. परबांच्या टकलावर चार दिवस पट्टी होती.

त्याच आठवड्यात कावळ्यांच्या झटापटीत मस्कतचं पत्र खंडूच्या हातून सुटलं, ते थेट गटारात. त्याने ते काढलं, पोस्टात स्टोव्हवर वाळवलं आणि संध्याकाळी येऊन वाचून दाखवलं. मधल्या चार ओळींची शाई धुऊन गेली होती.

"थंय काय लिवल्यान?" बाईंनी विचारलं.

"खुशाली असेल. खुशालीच असते तिथे."

बाईंनी पत्र घेतलं आणि त्या चार ओळींवरून बोट फिरवत बसल्या.

पंधरा दिवसांनी पोस्टमास्तरांनी खंडूला बोलावून एक अर्ज पुढे सरकवला. 'सदर पोस्टमनने कावळ्यांशी वैर ओढवून घेतले असून त्याचा उपद्रव निरपराध रहिवाशांस होत आहे, तरी सदर इसमास अन्य बीट देण्याची कृपा व्हावी.' पाकीट परबांनी आदल्या दिवशी खंडूच्याच हाती दिलं होतं. "मास्तरांना द्या. जपून न्या हं." खंडूने ते छत्रीखाली, छातीशी धरून आणलं होतं.

खाली एक्केचाळीस सह्या. खंडूला त्या वाचाव्या लागल्या नाहीत, सगळ्या रोजच्या ओळखीच्या. शेवटून दुसऱ्या सहीपाशी मात्र तो थांबला. तिचं शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं होतं.

"मनावर नको घेऊस यार," मास्तर म्हणाले. "नाहूरकडचं बीट देतो. तिकडे झाडंच नाहीत."

खंडूने रात्रभर विचार करून स्वतःची समजूत घातली. बाईंना वाचता येत नाही. परबांनी नळाच्या पाण्याचा अर्ज सांगून सही घेतली असणार. दुसरं काय?

शेवटच्या दिवशी तो तळमजल्याच्या दारात उभा राहिला. बाई तांदूळ निवडत होत्या.

"बाई, त्या अर्जावर सही आहे तुमची. काय सांगून घेतली?"

"सांगून कशाक? वाचून दाखवल्यानी परबांनी. दोनदा." बाईंनी सूप खाली ठेवलं. "त्या चार ओळी माका आता कोण सांगतलो, खंडूभाऊ?"

खंडू वाकून सुपाबाहेर सांडलेले तांदूळ वेचू लागला.

"ते अंगठाच मागी होते," बाई म्हणाल्या. "मी म्हटलंय, नको. माका सही येता."

खंडूने छत्री काखेत मारली. "चांगली आलीय सही," तो म्हणाला आणि निघाला.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी, साध्या कपड्यांत, पण सवयीने छत्री काखेत मारून, तो त्या फाटकावरून चालला होता. समोरून परब आले. खंडूने नमस्काराला हात उचलला. परबांनी अनोळखी माणसाकडे बघतात तसं बघितलं आणि पुढे गेले. उचललेला हात खंडूने मग मान खाजवायला वापरला.

तेवढ्यात बदामावरून एक कावळा सरळ उतरला आणि त्याच्या डोक्यात टोला देऊन फाटकावर जाऊन बसला. अजून तरणाच होता. डावा पंख किंचित लोंबत होता.

खंडूने डोक्यावरून हात फिरवला. बोटाला थोडं रक्त लागलं होतं.

"बरा आहेस ना रे?" त्याने विचारलं.

कावळ्याने मान वाकडी केली आणि पुन्हा पंख उचलले. छत्री काखेतच होती. खंडूने ती उघडली नाही.