पहिली पंधरा मिनिटं

“थांबव! हा तो सिनेमाच नाही,” बाबा ओरडले.

मी टीव्ही थांबवला. “तोच आहे हो. एवढ्या मोठ्या अक्षरांत नाव आलं की!”

“मग शिडी कुठाय?”

बाबा एकतीस वर्षं थिएटरात डोअरकीपर होते. तिकिटं फाडायची आणि उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची. त्यामुळे शेकडो सिनेमे बघूनही एकाचीही पहिली पंधरा मिनिटं त्यांच्या वाट्याला आली नव्हती. मतं मात्र ठाम. गेल्या महिन्यात मी दाखवलेले चार नवे सिनेमे त्यांनी एका वाक्यात निकालात काढले होते, “धूर फार, माणसं कमी.”

जुन्या सिनेमांची सुरुवात त्यांना आई सांगायची. दर शुक्रवारी पासावर सिनेमा बघून आली, की जेवताना सांगायची आणि बाबा हातातला घास विसरायचे. या सिनेमात म्हणे नायिका शिडीवर चढून स्टेशनच्या घड्याळाचे काटे मागे फिरवते, नायकाला उशीर झाला असं कुणी म्हणू नये म्हणून. म्हणून तर शेवटी तो त्या घड्याळाकडे बघून रडतो.

पडद्यावर नायिका नुसती बसमधून उतरली होती.

आम्ही दुसरा जुना सिनेमा लावला. आईने सांगितलेलं पाळण्यातलं पत्र त्यात नव्हतं. तिसऱ्यातही तीच गत.

“आईने चक्क थापा मारल्या तुम्हाला!” मी हसत सुटले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि आज पहिल्यांदा तिची चोरी पकडली होती.

बाबा हसले नाहीत. “तिची कारखान्यातली ड्यूटी सहाला सुटायची. सिनेमाही सहालाच सुरू व्हायचा. दर शुक्रवारी धापा टाकत यायची गं. मीच तिला बॅटरी दाखवत खुर्चीपर्यंत न्यायचो. मीच! आणि घरी गेल्यावर मीच विचारायचो, सुरुवात कशी होती?”

मी रिमोट खाली ठेवला.

“मला वाईट वाटू नये म्हणून सगळं रचायची,” ते म्हणाले. “तेही शेवटाशी बरोब्बर जुळेल असं. दिवसभर बाटल्यांना लेबलं चिकटवून, वर घरी येऊन स्वयंपाक करता करता. केवढं डोकं होतं तिचं! असली एक सुरुवात या सिनेमावाल्यांना तरी सुचली का?”

“पुन्हा पहिला लावू?”

“लाव. पहिली पंधरा मिनिटं सोडून.”

ते उठले, दिवा मालवला, शेजारच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचलून ती खुर्ची रिकामी केली आणि ते मांडीवर घेऊन बसले.